धाकट्याची तीन फूट जागा

मार्गशीर्षातली चंपाषष्ठी, वार गुरुवार. भिंत सतरा फूट. पानं सात, दर पानाला दोन फूट, म्हणजे चौदा. शिल्लक तीन. हजर: ज्यांच्या घरी हे जेवण ते अण्णा, त्यांचे चुलते, दोन चुलतभाऊ, तीन भाचे, वाढायला वहिनी आणि सूनबाई, आणि वेळेआधी पोचलेला मी.

इतक्या बारकाईनं लिहितो, कारण त्या दिवशी माझ्या हातून चूक झाली आणि ती हिशोबातलीच होती. मला बोलावणं दुसऱ्या पंगतीचं होतं. बंगळुराच्या इलेक्ट्रॉनिक सिटीहून निघताना रस्त्यातल्या गर्दीसाठी एक तास जादा धरला होता, तो नेमका त्या दिवशी लागला नाही. मी पोचलो तेव्हा पहिली पंगत बसत होती. भिंतीलगत खडूनं आखलेल्या चौकटी, प्रत्येक चौकटीत केळीचं पान. दाराकडच्या टोकाला तीन फूट जागा मोकळी दिसली. माणूस दोन फुटांत बसतो. मी म्हटलं, "इथे मावतोय की मी," आणि मांडी घातली.

चुलत्यांनी हातातला द्रोण खाली ठेवला. वहिनी भरिताचं पातेलं घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर तशाच उभ्या राहिल्या. पहिल्या पानावर बसलेले अण्णा माझ्याकडे न बघता म्हणाले, "तम्मा, तिथं बेडा."

बेडा म्हणजे नको. तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. मला ते ऑफिसातही याच नावानं हाक मारत.

"ऊठ. ती धाकट्याची जागा आहे."

"येतायत का ते?"

"नाही."

"मग?"

"माणूस आला नाही म्हणून जागा कुठं जाते?"

मी उठलो. वहिनींनी मला आत नेऊन पाटावर बसवलं आणि रोडगा वाढता वाढता सगळं सांगितलं. अण्णांना एक सख्खा धाकटा भाऊ. राहणार येलहंका, एकटेच. बारा वर्षांत या घरी जेवलेले नाहीत. "आणि हे तरी काय," वहिनी म्हणाल्या, "दर वर्षी ती तीन फूट आखून ठेवतात. पण फोन करून ये म्हणणार नाहीत. म्हणे एकदा विचारून झालंय."

हे 'एकदा विचारून झालंय' मला चांगलं ठाऊक होतं. मी सहा महिने ऑफिसात तेच ऐकत होतो.

आमची कंपनी महादेवपुऱ्यात, एका इमारतीच्या सहाव्या मजल्यावर होती. घरी प्लंबर, सुतार, इलेक्ट्रिशियन बोलावण्याचं अॅप आम्ही करत असू. माझं पहिलं काम दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचं, म्हणजे टेस्टिंगचं. सेहेचाळिसाव्या वर्षी मला तिथून उठवून अॅपचे पडदे बांधायला बसवलं आणि शिकवायला अण्णांच्या हाती दिलं. ते तिथले सर्वांत वयस्क होते. मी घरी सांगितलं की आता मी लेआउटचं काम करतो, तर बायको म्हणाली, "म्हणजे प्लॉट पाडून विकणार का?" बंगळुरात दर दुसरी वसाहत कुठला तरी लेआउट असते, तिचंही बरोबर होतं.

पहिल्या दिवशी अण्णांनी विचारलं, "तू बंगळुरात केव्हापासून?"

"अठरा वर्षं झाली."

"आम्हाला साडेतीनशे. स्वल्प फरक आहे."

स्वल्प म्हणजे थोडा. हा शब्द त्यांच्या तोंडात दिवसातून पन्नास वेळा येई. पडद्यावरचं बटण जागचं हललेलं असलं तर "हे स्वल्प सरक". लिफ्टमध्ये गर्दी असली तर "स्वल्प सरका". मॅनेजरबाईंनी कामाची मुदत अलीकडे ओढली तर त्यांनाही "तुम्ही स्वल्प सरका". त्यांच्या घरचं मराठी असं कानडीच्या शेजारी राहून राहून मऊ झालेलं होतं. माझं सांगलीकडचं मराठी त्यांना भांडणाचं वाटे. "सकाळी सकाळी का ओरडतोस?" असं ते मला नुसतं 'चहा घेणार का' विचारल्यावर म्हणाले आहेत.

त्यांच्या गळ्यात कायम शिंप्याची टेप असे. कंपनीचं ओळखपत्र खिशात आणि गळ्यात टेप. वडील जुन्या पेठेत शिंपी होते, टेप त्यांची. तिच्यावरचे चार ते सातचे आकडे पुसून गेले होते, ते अण्णांनी शाईनं पुन्हा काढले होते. या टेपनं ते काहीही मोजत. नवं कॉफीचं मशीन आलं त्या दिवशी ते मोजून म्हणाले, "याचं दार उघडलं की फ्रिजला लागणार. दीड इंच." कोणी ऐकलं नाही. पुढे त्या खोलीत कोणी कॉफी घेतली की 'ठक्' असा आवाज यायचा आणि अण्णा आपल्या जागेवरून, मान वर न करता, "दीड इंच" म्हणायचे. हे अण्णा तिथे असेपर्यंत चाललं.

माझ्याकडे मात्र त्यांनी नुसतं बघितलं आणि म्हणाले, "खांदा साडेसतरा. तू अठराचा शर्ट घालतोस." मी घरी जाऊन लेबल पाहिलं. अठरा. तेव्हापासून साडेसतराचा घेतो. बाही पहिल्यांदाच मनगटावर थांबली.

टेबलावर ते खाकी कागद अंथरत. पडद्यावरचं प्रत्येक बटण, प्रत्येक चित्र कागदाचं कापून त्यावर सरकवून बघत आणि मगच संगणकाला हात लावत. बाकीचे हसत. मीही पहिला आठवडा हसलो.

त्यांनी मला शिकवलं ते असं. पडद्यावर वस्तू मांडायच्या काही तयार पद्धती असतात: ओळीत, एकाखाली एक, एकावर एक. त्यांत भागलं नाही की स्वतःची मांडणी लिहावी लागते. तिचे टप्पे दोन. आधी प्रत्येक वस्तूला सांगायचं की जास्तीत जास्त एवढी जागा आहे. ती आपलं माप सांगते. मग तिला कुठे ठेवायचं ते आपण ठरवायचं. नियम कडक: एका खेपेला एका वस्तूचं माप एकदाच घ्यायचं. दुसऱ्यांदा घ्यायला गेलात की अॅप जागच्या जागी बंद पडतं.

"माझ्या बापानं हे पन्नास वर्षं आधी सांगितलं होतं," अण्णा म्हणत. "गिऱ्हाइकाचं माप एकदाच घ्यायचं. दोनदा घेतलं की त्याला वाटतं, हा कापड बिघडवणार. या लोकांनी आत्ता शोध लावला."

हा नियम त्यांनी कामापुरता ठेवला नव्हता. चहा हवा का, एकदा विचारणार. नको म्हटलंत तर त्या दिवसापुरतं संपलं. पाच मिनिटांनी तुम्ही हवा म्हणालात तरी ते ऐकू न आल्यासारखं करत. चंपाषष्ठीच्या आठ दिवस आधी ते एकेका घरी फोन करत: "किती पानं?" उत्तर वहीत लिहिलं की पुन्हा फोन नाही.

वहिनींनी मला त्या दिवशी पाटावर सांगितलं ते हेच. बारा वर्षांपूर्वी धाकट्यांचा कारखाना बंद पडला. तीन महिने घरी बसून होते. त्या वर्षीच्या पंगतीत अण्णांनी त्यांचं पान दाराकडच्या टोकाला मांडलं. दाराबाहेर चपला. धाकटे जेवले, पण हात धुताना म्हणाले, "कमवत होतो तेव्हा मी मधे बसत होतो." अण्णा काही बोलले नाहीत. पुढच्या वर्षी नेहमीप्रमाणे फोन केला, "किती पानं?" तिकडून उत्तर आलं, "शून्य." अण्णांनी वहीत शून्य लिहिलं.

"तम्मा ही हाक धाकट्या भावजींना असायची," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही येईपर्यंत ह्यांनी ती कोणाला मारली नव्हती."

मी रोडगा मोडत होतो, तो तसाच हातात राहिला.

त्यानंतर काही महिन्यांनी माझ्या कामात एक अडचण आली. ती सांगतो, कारण पुढचं तिच्यातून निघालं. पडद्याच्या तळाशी तीन बटणं एका ओळीत हवी होती: काम रद्द, वेळ बदला, कारागीर पाठवा. फोनचा पडदा रुंदीला तीनशे साठ एकक धरू. दोन्ही कडांना सोळा सोळा, बटणांमधे आठ आठ; उरले तीनशे बारा. तिघांना सारखे वाटले तर एकशे चार. इंग्रजीत ठीक बसलं. कानडी घातलं तर मधल्या बटणातली अक्षरं कापली गेली, कारण त्याला एकशे वीस लागत होते. कडेच्या दोघांना शहाण्णव आणि अठ्ठ्याऐंशी पुरत होते. बेरीज तीनशे चार. म्हणजे जागा होती, वर आठ उरत होते. फक्त वाटप चुकीचं होतं. मी तिघांची मापं घेतली, उरलेले आठ शेवटच्या बटणाला द्यायचे ठरवले आणि त्या वाढीव रुंदीनं त्याचं माप पुन्हा घेतलं. अॅप बंद पडलं. मॅनेजरबाईंसमोर.

"दोनदा घेतलंस," अण्णा मागून म्हणाले. "आकडे कागदावर काढ, हातानं लिही, मोकळा हो."

पण हातानं लिहिलेले आकडे तमिळ घातलं की पुन्हा चुकले असते. मी तीन दिवस वाचत बसलो. मग कळलं की वाट आहे. माप घेण्याच्या आधी वस्तूला नुसतं विचारता येतं: कमीत कमी किती लागेल तुला? हे मोजणं धरत नाहीत. कितीही वेळा विचारा. सगळ्यांची उत्तरं घ्या, वाटप ठरवा, आणि मग एकदाच, शेवटचं, माप घ्या. मी तसं लिहिलं. बटणं तिन्ही भाषांत बसली.

तपासायला काम अण्णांकडेच जाई. त्यांनी वाचलं. पुन्हा वरून वाचलं.

"हे मला माहीत होतं," ते म्हणाले. "कधी वापरलं नाही. विचारत विचारत कापणारा शिंपी कोणी बघितलाय?"

"पण अण्णा, नियम मोडत नाही यात. विचारणं वेगळं, मोजणं वेगळं."

ते गळ्यातली टेप बोटाला गुंडाळत राहिले. मग म्हणाले, "सरी." म्हणजे ठीक. त्या दिवशी कॉफीच्या खोलीतून दोनदा 'ठक्' आलं; अण्णा काही म्हणाले नाहीत.

पुढे ते निवृत्त झाले. निरोपाच्या वेळी केक कापताना त्यांनी टेप लावून अठरा सारखे तुकडे पाडले, एवढंच विशेष. दोन आठवड्यांनी, शनिवारी, त्यांचा फोन आला.

"तम्मा, उद्या येलहंकाला जायचंय. तू चल."

"मी कशाला अण्णा?"

"तो माझ्या तोंडावर दार लावून घेईल. परक्या माणसादेखत लावायचा नाही. तेवढी लाज आहे त्याला."

बसमध्ये ते खिडकीशी बसले. गळ्यात टेप नव्हती. पहिल्यांदाच त्यांच्या शर्टाची कॉलर नीट दिसली. वाटभर त्यांचे ओठ हलत होते.

दार उघडलं ते चांगल्या सहा फुटी माणसानं, हातात काठी. चेहरा अण्णांचाच, वर लांबट केलेला. त्यांनी आधी मला पाहिलं, मग अण्णांना.

"टेप कुठाय?"

"खिशात."

"माप घ्यायला आलास?"

"नाही. विचारायला."

"बारा वर्षांनी?"

"मी विचारलं होतं. तू शून्य म्हणालास."

"अरे, रागात म्हणालो! रागातलं माप धरतं का कोणी?"

अण्णा उंबऱ्यावरच उभे. "मी धरलं," ते म्हणाले.

धाकट्यांनी दार लावलं नाही. आम्ही आत बसलो. त्यांनीच पुढे सुरुवात केली. "चपलांजवळ बसवलंस मला. नोकरी गेली म्हणून."

"नोकरी गेली म्हणून?" अण्णांचा आवाज चढला. "भिंत सतरा फूट. आठ पानं सोळा फूट. एक फूट उरतो, तो टोकाला. तुझा डावा गुडघा दुमडत नव्हता त्या वर्षी. पाय सोडून बसायला तो एक फूट तुला दिला. सगळ्या पंगतीत तीन फूट फक्त तुला होते!"

धाकटे बघतच राहिले. "मग सांगायचं नाही?"

"तू विचारायचं नाही?"

"मी का विचारू? वाढणारा सांगतो!"

"आणि पाय पसरून जेवलास ते? ते कसं जमलं वाटलं तुला?"

धाकटे काठीची मूठ पुसत बसले. मी छताकडे बघत होतो. मग अण्णा घसा साफ करून म्हणाले, आणि ते वाक्य त्यांनी बसमध्ये पाठ केलं असणार, "आता तुला कमीत कमी किती लागेल?"

"आता?" धाकटे हसले, पण नीट हसू आलं नाही. "दोन्ही गुडघे बदललेत. जमिनीवर बसताच येत नाही. खुर्ची लागते. आहे तुझ्या पंगतीत खुर्ची?"

अण्णांच्या पंगतीत खुर्ची कधीच नव्हती. एकदा त्यांच्या आजारी मामांनाही त्यांनी खुर्ची दिली नव्हती. पलंगावर ताट नेलं होतं. आता त्यांनी खिशातून टेप काढली, धाकटे बसले होते त्या खुर्चीपुढे उकिडवे बसले आणि मोजू लागले.

"खुर्ची बावीस इंच. उठताना काठी कुठं टेकवतोस? टेकव." धाकट्यांनी टेकवली. "वीस. बेचाळीस. साडेतीन फूट."

ते तसेच बसून राहिले. मला हिशोब कळला होता. बारा वर्षं जागा राखली, ती सहा इंच कमी.

"चुकलं असेल," धाकटे म्हणाले. "पुन्हा मोज."

अण्णांनी पुन्हा मोजलं. मी साक्षीला आहे. बेचाळीसच भरले.

आता ती कंपनी तिथे नाही, इमारतीत दुसरं कोणी आहे. नव्या ठिकाणी मांडणीचा पहिला खर्डा यंत्रच लिहून देतं. कागद कोणी कापत नाही. चांगलं चाललंय. पण एखादं बटण जागचं हललेलं दिसलं की मी मनात 'स्वल्प सरक' म्हणतो, आणि शेजारच्या टेबलावर कोणाला तरी ते ऐकू जातं.

आम्ही येलहंकाला गेलो त्या वर्षीची चंपाषष्ठी मंगळवारी आली. मला बोलावणं पुन्हा दुसऱ्या पंगतीचं. मी पहिलीच्या आधी अर्धा तास पोचलो, या वेळी मुद्दाम, आणि दाराशी उभा राहिलो. भिंत सतरा. सात पानं चौदा, वर साडेतीन, साडेसतरा. अर्धा फूट कमी पडत होता.

एक चुलतभाऊ म्हणाले, "अण्णा, खुर्ची समोर वेगळी ठेव की. कोण बघतंय?"

"बेडा. ओळीत."

"मग भिंत कुठून वाढवणार?"

अण्णांनी विळी मागवली. पहिल्या चौकटीतलं आपलं पान उचललं, देठाकडून सहा इंच कापलं आणि चौकटीची खडूची रेघ ओल्या फडक्यानं पुसून अलीकडे काढली. एक गुडघा उभा धरून त्या दीड फुटात बसून पाहिलं. मग उरलेल्या सहा जणांना म्हणाले, "स्वल्प सरका."

चुलते सरकले, चुलतभाऊ सरकले, तिन्ही भाचे पानांसकट सरकले. वहिनींनी दाराकडच्या टोकाला खुर्ची आणि तिच्यापुढे स्टूल ठेवून त्यावर पान मांडलं. रस्त्यावर रिक्षा थांबल्याचा आवाज आला, मग काठीचा.

"तम्मा, ये," अण्णा म्हणाले.

मी एक पाऊल पुढे टाकलं आणि थांबलो. हाक मला नव्हती.

धाकटे खुर्चीत बसले. काठी वीस इंचांत उभी राहिली. त्यांनी ओळीवरून नजर फिरवली ती पार पहिल्या पानापर्यंत गेली.

"अण्णा, तुझं पान लहान झालं."

"भूकही लहान झालीय माझी. जेव."

वहिनी भरीत वाढायला आल्या. शेवटी द्यावे लागले ते सहा इंच. दिले अण्णांनी, स्वतःच्या पानातून, मिळाले धाकट्याला.